बॅकअप आहे, पण उतरवून पाहिला आहे का?

महोदय,

लहान व्यावसायिकांना संगणकाबाबत सल्ला द्यायचा म्हटला की गाडी नव्या अॅपवर आणि वेबसाइटवरच जाते. हिशेबाचा संगणक उद्या सकाळी चालूच झाला नाही, तर पहिले बिल किती वाजता निघेल, हे कोणी विचारत नाही. 'बॅकअप रोज होतो' हे उत्तर मात्र तयार असते. तो दुसऱ्या संगणकावर उतरवून (म्हणजे रिस्टोअर करून) पाहिला आहे का, इथे विषय संपतो.

बहुतेक ठिकाणी बॅकअप म्हणजे संगणकाच्या मागे कायम खोचलेला पेनड्राइव्ह. खंडणी मागणारा व्हायरस शिरला, तर पेनड्राइव्ह असो की शेअर केलेले फोल्डर, लिहिता येईल ते सगळे तो कुलूपबंद करतो. मे 2017 मध्ये 'वॉनाक्राय'ने जगभर हेच केले. तो विंडोजमधल्या ज्या भोकातून पसरला, त्याचे ठिगळ, म्हणजे दुरुस्तीचे अपडेट, मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिले होते. अपडेट 'नंतर करू' म्हणून ढकलणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे.

दुसरी भानगड आणखी गुपचूप होते. अनेक पेनड्राइव्ह फॅट32 पद्धतीने फॉरमॅट केलेले असतात आणि त्यात 4 जीबीपेक्षा मोठी एक फाइल मावत नाही, मग ड्राइव्ह 64 जीबीचा का असेना. हिशेबाची फाइल वाढत वाढत ती मर्यादा ओलांडते, रात्रीची कॉपी अडते, सूचना कोणी वाचत नाही. ड्राइव्हवरच्या फाइलची तारीख पाहिली की कळते. उपाय सोपा: आतले सगळे दुसरीकडे हलवून ड्राइव्ह एक्सफॅट किंवा एनटीएफएसमध्ये फॉरमॅट करा.

बिलिंगचे सॉफ्टवेअर चालू ठेवून त्याचे फोल्डर कॉपी-पेस्ट करणे हाही हमखास घोळ. तेव्हा काही नोंदी डिस्कवर पोचलेल्या असतात, काही अजून मेमरीतच. कॉपी दिसायला धडधाकट, उघडायला गेले की फाइल खराब. सॉफ्टवेअरमधलाच बॅकअपचा पर्याय वापरावा; तो नसेल तर सगळ्यांनी आधी बाहेर पडावे.

क्लाउडशी जोडलेले फोल्डर म्हणजेही बॅकअप नव्हे. इथे फाइल पुसली की तिथलीही जाते. गूगल ड्राइव्हच्या कचरापेटीत ती 30 दिवस राहते, आणि मागच्या वर्षाचे फोल्डर गायब झाल्याचे लक्षात यायला त्याहून जास्त दिवस सहज लागतात.

त्यापेक्षा दोन बाह्य हार्ड डिस्क घ्या आणि दर आठवड्याला आलटून पालटून वापरा. एक नेहमी कामाच्या जागेबाहेर हवी. बॅकअप झाला की 'इजेक्ट' करून डिस्क काढायचीच. बिटलॉकरने (विंडोजमधली डिस्क कुलूपबंद करणारी सोय) कुलूप घातले असेल, तर ते उघडणारी 48 अंकी रिकव्हरी की कागदावर छापून ठेवा. त्याच संगणकाच्या डेस्कटॉपवर ती ठेवणे म्हणजे तिजोरीची किल्ली तिजोरीतच!

दर तीन महिन्यांनी चाचणी घ्या, पण चालू हिशेबावर जुना बॅकअप चुकूनही उतरवू नका. नव्या नोंदी पुसल्या जातील. वेगळ्या संगणकावर सॉफ्टवेअरची तीच आवृत्ती टाका, बॅकअप उतरवा आणि शेवटच्या बिलाचा क्रमांक, एका जुन्या ग्राहकाचा खातेउतारा, एखाद्या मालाचा शिल्लक साठा मूळ हिशेबाशी ताडून पाहा. किती वेळ लागला तेही लिहा. सॉफ्टवेअरचा परवाना क्रमांक सापडत नाही, हे बहुधा याच वेळी उघड होते.

देखभालीच्या वार्षिक करारात 'बॅकअप घेणे' एवढेच लिहिलेले असते. व्यावसायिकांनी नूतनीकरणाच्या वेळी ते खोडून 'दर तिमाहीस बॅकअप वेगळ्या संगणकावर उतरवून दाखवणे व तारखेसह सही करणे' असे लिहून घ्यावे. जो तंत्रज्ञ याला का-कू करेल, त्याने आजवर घेतलेले बॅकअप व्यावसायिकांनी आधी तपासून घ्यावेत.

आपला,
संगणक देखभालीच्या व्यवसायातील एक वाचक