खवट शेंगदाणे उंदराच्या पिंजऱ्यात नकोत

संपादक महोदय,

गणपतीत आमच्या विश्रामबागेत ज्यांच्याकडे पाळलेले पांढरे उंदीर आहेत, त्यांच्या घरी आरतीला आलेली मंडळी पिंजऱ्यापुढे गर्दी करतात. बाप्पाचं वाहन म्हणून कुणी मोदक सरकवतं, कुणी पेढा. पोरं तर भडंगाची मूठच ओततात. मोदकाच्या एका कणाने उंदीर काही मरत नाही. माझी तक्रार बारा महिने पिंजऱ्यात जे पडतं त्याबद्दल आहे.

मी एका औषधनिर्माण महाविद्यालयाच्या प्राणिगृहातून परिचर म्हणून निवृत्त झालो. उंदरांना खाणंपाणी, भुसा बदलणं, वजनं घेणं हीच माझी नोकरी. त्यामुळे उंदीर पाळणारी कॉलेजची मुलं ‘काका, याला काय घालू?’ म्हणत येतात. मध्यंतरी एकाने दुकानातून आणलेलं सुट्टं ‘उंदरांचं खाद्य’ दाखवलं. निम्म्याहून जास्त सूर्यफुलाच्या बिया, वर रंगीत बिस्किटांचा चुरा आणि तळाशी काळपट, सुरकुतलेले शेंगदाणे. वास कुबट. पाकिटावर ना तारीख, ना आत काय आहे त्याची नोंद. दुकानदाराचं म्हणणं, ‘उंदीरच तो, त्याला काहीही चालतं.’

नाही चालत. 1960 साली इंग्लंडमध्ये एक लाखाहून अधिक टर्की पक्षी पटापट मेले, तेव्हा शोध घेताघेता बोट शेंगदाण्याच्या पेंडीवर गेलं. तिच्यावरच्या बुरशीने तयार केलेल्या विषाला पुढे अफ्लाटॉक्सिन नाव पडलं. हे विष पोटात गेलं की यकृताचा कर्करोग होतो, हे प्रयोगशाळेतल्या पांढऱ्या उंदरांवरच दिसून आलं. दाणे भाजले तरी ते पुरतं जात नाही. आणि आपल्याकडे पावसाळ्यात पोत्याला ओल लागायला किती वेळ लागतो? घरात निवडताना बाजूला काढलेले खवट दाणेही लोक सरळ पिंजऱ्यात टाकतात. त्यात उंदराला उलटी करता येत नाही. एकदा गिळलं की गिळलं.

सूर्यफुलाचं दुखणं वेगळं. मिसळीतून उंदीर आधी तेलकट बिया वेचून खातो आणि धान्य तसंच ठेवतो. मालकाला वाटतं खाणं संपलं. तो पुन्हा वाटी भरतो. असा उंदीर बघताबघता ढोल होतो, आणि गुबगुबीत दिसला की घरचे खूश! वाटीतलं धान्य संपल्याशिवाय नवं घालू नये. मोठ्या उंदराला वजनाच्या दर शंभर ग्रॅममागे रोज साधारण पाच ग्रॅम कोरडं खाद्य लागतं. म्हणजे तीन-चारशे ग्रॅमच्या उंदराला पंधरा ते वीस ग्रॅम पुरे. स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर ते सहज मोजता येतं.

मुख्य आहार म्हणून उंदरांसाठीच बनवलेलं गोळीखाद्य उत्तम. सगळ्या गोळ्या सारख्याच असल्याने निवडानिवड करता येत नाही. जोडीला शाळूच्या कण्या, शिजवलेली मूगडाळ, काकडी, गाजर, कधी उकडलेल्या अंड्याचा तुकडा. नवा पदार्थ चिमूटभरच द्यावा; उंदीर स्वतःसुद्धा अनोळखी खाणं आधी चाखून बघतो. कच्चा राजमा, हिरवट बटाटा आणि चॉकलेट नको. संत्र्याची साल नराला अजिबात देऊ नये, तिच्यातल्या तेलाने त्याच्या मूत्रपिंडाला इजा होते. तासगावचा बेदाणा मी घालायला सांगतो तो फक्त औषध लपवायला.

दुकानदारांना माझी विनंती आहे की लहान प्राण्यांच्या खाद्यावर घटक आणि पॅकिंगची तारीख छापा आणि पावसाळ्यात सुटे शेंगदाणे मिसळू नका. गिनीपिग आणि उंदीर यांना एकाच पोत्यातलं देणंही बंद करा. गिनीपिगला क जीवनसत्त्व खाण्यातूनच मिळावं लागतं, उंदीर ते स्वतःच्या शरीरात तयार करतो. जिल्ह्यातले पशुवैद्य बहुतेक गाई-म्हशींमध्ये गुंतलेले असतात, हे मला कळतं. तरी दवाखान्याच्या भिंतीवर या प्राण्यांच्या आहाराचा एखादा तक्ता लावायला हरकत नसावी. घेणाऱ्यांनी पाकीट उघडायला लावून आधी वास घ्यावा आणि माल कधीचा आहे ते विचारावं. उत्तर मिळालं नाही तर पाकीट तिथेच ठेवावं.

– एक निवृत्त प्राणिगृह परिचर, विश्रामबाग, सांगली