नावं माहीत नाहीत, तरी थँक्यू म्हणायचंय

आमचं पिल्लू आज तीन महिन्यांचं झालं, म्हणून लिहितेय.

बार्शीला विसाव्या आठवड्याच्या अ‍ॅनोमली स्कॅनला (बाळात काही दोष आहे का बघायची सोनोग्राफी) ज्या मॅडम होत्या ना, त्यांचे आभार सगळ्यात आधी. हृदयाचे चार कप्पे नॉर्मल दिसत होते, तिथंच थांबल्या असत्या तरी कुणी काही म्हणलं नसतं, पण त्यांनी मला दोनदा चालून यायला लावलं, कुशीवर वळवलं आणि बाहेर जाणाऱ्या दोन मोठ्या रक्तवाहिन्या बघितल्याच. त्या एकमेकींना ओलांडून जायला पाहिजेत, आमच्या बाळाच्या समांतर चालल्या होत्या. टीजीए, म्हणजे महाधमनी आणि फुप्फुसाकडं जाणारी धमनी यांची अदलाबदल. पोटात असताना बाळाला काही त्रास नसतो, जन्मल्यावर मात्र निळं पडतं, त्यामुळं आधी कळलं हेच सगळं आहे हो!

मग पुण्यात फीटल इको, म्हणजे पोटातल्या बाळाच्या हृदयाची खास सोनोग्राफी, आणि डिलिव्हरी तिथंच. जन्मल्याबरोबर प्रोस्टाग्लँडिनचं, म्हणजे हृदयाजवळची जन्माआधीची रक्ताची वाट उघडी ठेवणाऱ्या औषधाचं ड्रिप चालू, नवव्या दिवशी स्विचचं, म्हणजे त्या दोन रक्तवाहिन्या आपापल्या जागी जोडायचं ऑपरेशन.

आयसीयूबाहेर रात्री मला स्वतःच्या डब्यातली भाकरी देणाऱ्या लातूरकडच्या मावशी, प्लेटलेट द्यायला परीक्षा असताना आलेली ती दोन कॉलेजची पोरं, आणि "रडा ताई, पण दूध काढून ठेवा, त्याला लागणारे" म्हणणाऱ्या नाइट ड्युटीच्या सिस्टर... तुमची नावं विचारायचं भानच नव्हतं मला. आता साडेपाच किलोचा झालाय तो, मावशी. कालपासून हसतोय पण आवाज काढून.