अण्णांनी माझ्या पुस्तकावर इनॅमल मारलं

प्रिय संगे,

फोन लावला होता, तुझा बिझी. मग म्हटलं नकोच फोन, तू मधेच "थांब गं, कुकर झाला" म्हणशील आणि सगळं अर्धवट राहील. म्हणून लिहितेय. आमच्याकडे सगळे बरे आहेत, आईचे गुडघे तसेच, ऊन पंचेचाळीसच्या खाली यायला तयार नाही, दुपारी जामनेर रोडवर कुत्रंसुद्धा दिसत नाही. झालं तब्येतीचं.

आता ऐक. अण्णांनी माझ्या पुस्तकावर रंग मारला. इनॅमल. ब्रशने.

तुला मी सुरुवातीची पानं पाठवली होती ना, अण्णांच्या बोर्ड रंगवायच्या दुकानाची, तू आणि मी फळीवर बसून बोर्डाची अक्षरं भरतोय ती (तुझ्या दोन वेण्या काढल्या म्हणून तू भांडलीस, पण होत्या तुला दोन वेण्या, लाल रिबिनीच्या, मी त्यावर ठाम आहे). ती धरून सगळी शहाण्णव पानं एकदाची झाली. बोरूने काढलेली चित्रं, मधे पोस्टर कलर, आणि मजकूर सगळा माझ्याच हस्ताक्षरात, टाइप केलेलं एक अक्षर नाही. दोऱ्याने शिवून डमी केली आणि अण्णांना दिली. म्हटलं तुमच्यावरच आहे, वाचा. आणि मी जळगावला स्कॅनिंगचं विचारायला गेले. आले तर घरभर टर्पेंटाइनचा वास. इतक्या वर्षांनी तो वास, संगे! दारातच उभी राहिले मी, चप्पल काढायचं सुचलं नाही.

आधी त्यांनी अक्षरं सुधारली. दुकानाच्या चित्रात मागे बोर्ड आहेत ना, टायरवाल्याचा, रसवंतीचा, त्यावरची माझी अक्षरं त्यांना पसंत पडली नाहीत. शिरोरेघ आधी मारायची आणि मग खाली अक्षर लटकवायचं हे लहानपणी किती वेळा सांगितलं होतं आपल्याला, आणि मी तर बोरूने आधी अक्षर काढून वर रेघ ओढलेली. त्यांनी बारीक राउंड ब्रशने सगळ्या शिरोरेघा नव्याने मारल्या, खाली डावीकडून शेड दिली, रसवंतीचा 'र' असा काही वळवलाय की मी बोट फिरवत बसले त्याच्यावरून. त्या पानांबद्दल माझं काहीच म्हणणं नाही. ती पानं माझ्यापेक्षा चांगली झालीत आणि तशीच छापायची.

पण बासष्ट-त्रेसष्ट. ते जोडपान.

२००४ चा उन्हाळा. लोकसभेची निवडणूक होती आठवतं? निवडणूक म्हणजे अण्णांचा सुगीचा महिना, भिंतीच भिंती, यावलपासून बोदवडपर्यंत चिन्हं काढत हिंडायचे आणि आपल्याला आइस्क्रीम मिळायचं. त्या वर्षी सगळ्यांनी फ्लेक्स छापले. एका रात्रीत दहा बाय वीसचा फोटोसकट बोर्ड तयार, आणि अण्णांना एका 'बोर्डा'ला दोन दिवस लागायचे. मी जे काढलं होतं ते असं, की अण्णा बाजेवर बसलेत, भिंतीकडे तोंड करून, ब्रश सगळे रॉकेलच्या डब्यात तसेच, आई दारात पापड लाटतेय लोकांचे, आणि मी उंबऱ्यावर. मजकूर नाही त्या पानांवर. नुसती बाज आणि पाठ. पुण्याच्या संपादक बाईंनी ते पान बघून मला रात्री अकराला फोन केला होता, म्हणाल्या पुस्तक इथे आहे.

अण्णांनी त्या पाठीवर पांढरा इनॅमल मारला. दोन हात. पूर्ण बाज गेली. आणि त्या पांढऱ्यावर महाराष्ट्राचा नकाशा काढला, जिल्ह्यांसकट, आणि कोपऱ्यात शिडीवर एक माणूस, इवलासा, पाठमोरा, हातात ब्रश. अण्णांनी माणूस काढलेला मी जन्मात पहिल्यांदा बघितला. ते अक्षरवाले, माणसं काढायला कायम दुसऱ्याला बोलवायचे.

मी काही बोलले नाही. तेच म्हणाले, "मी घर बठेल नव्हतू." अहिराणीत म्हणाले म्हणजे बघ. आमच्याशी ते फार रागावले किंवा फार हळवे झाले तरच तिकडे जातात. त्यांचं म्हणणं, त्या उन्हाळ्यात ते झेडपीच्या शाळांच्या भिंतींवर नकाशे काढत होते. सायकलवर. पैसे नावापुरते, पण काम होतं. मी घरी बसलेलं दाखवलं हे खोटं आहे.

आणि मला तर बाज आठवते. बाजेच्या सुंभाचे वळ त्यांच्या पाठीवर उठलेले आठवतात!

आता तू म्हणशील, मग काय एवढं, दोघांना दोन गोष्टी आठवतात, तसंच लिही. तिथेच तर अडलंय. लिहायचं असतं तर मी लिहिलं असतं 'अण्णा त्या उन्हाळ्यात खचले होते', आणि ते दोघांनाही चाललं असतं, खचलेला माणूस शिडीवरही चढतो. चित्रात खचणं काढता येत नाही गं. चित्रात ठरवावं लागतं. बसलेत की उभे. बनियन की शर्ट. दार उघडं की लावलेलं. सायकल अंगणात आहे की नाही. कागद 'बहुतेक' ऐकून घेत नाही, रेघ आली की आली. आणि आपल्या माणसाची गोष्ट चित्रात सांगायची म्हणजे त्याला कुठेतरी बसवायचं, आणि मी त्यांना बाजेवर बसवलं, छापलं की कायमचे बसले ते तिथे. रावेर-सावद्यापासून सुरतेपर्यंत ज्यांची अक्षरं ट्रकवरून फिरली तो माणूस लोकांच्या लक्षात राहणार तो बाजेवरचा. हे मला झोपू देत नाही.

आपण शाळेत बहिणाबाई शिकलो ना, असोद्याच्या, आपल्या म्हणून बाई केवढ्या अभिमानाने शिकवायच्या. त्या १९५१ ला गेल्या आणि पुस्तक आलं १९५२ ला. छापलेलं त्यांनी बघितलंच नाही. मला ते नेहमी वाईट वाटायचं. आता अण्णा समोर बसलेत, चष्मा लावून, हातात ब्रश घेऊन, पान-पान तपासतायत. हे किती मोठं भाग्य आहे ते मला कळतं. अवघडही तेवढंच आहे.

दादाचं मत विचारूच नकोस. तो म्हणाला, ते पान फाडून टाक, घरातलं बाहेर कशाला. आई म्हणाली, "दोन्ही खरं असंल माय, मला पापडांच्यातून वर बघायला कुठं फुरसत होती." संपादक बाई म्हणतात मूळ चित्र परत काढा, वडिलांशी प्रेमाने बोला. प्रेमानेच बोलतोय आम्ही, रोज बोलतोय, प्रश्न तो नाहीच.

मग मी शाळा शोधत गेले. अण्णांनी नावं सांगितली तीन-चार, यावल तालुक्यातली. एका ठिकाणी शाळाच नवी बांधलेली. एका ठिकाणी भिंत पूर्ण गुलाबी. आणि एका शाळेत, पाण्याच्या टाकीमागे, नकाशा. अर्ध्यावर कपाट आलंय पण विदर्भ आणि आपला खान्देश स्वच्छ दिसतो. संगे, 'जळगाव'चा 'ळ' बघितला आणि मला दुसरं काही बघायची गरज राहिली नाही, तो पोटफुगा 'ळ' आख्ख्या जिल्ह्यात एकच माणूस काढायचा. तुला हसू यायचं त्या 'ळ'चं. नंदुरबार वेगळा दाखवलाय म्हणजे १९९८ नंतरचा. गोंदियाही आहे, म्हणजे १९९९ च्या पुढचा. मग मी मुलांना कपाट सरकवायला लावलं, ठाण्याच्या वर बघितलं, पालघर नाही. पालघर झाला २०१४ ला. म्हणजे नकाशा त्या मधल्या पंधरा वर्षांतला कधीचाही. खाली सही नाही, साल नाही. अण्णा कधीच सही करायचे नाहीत, बोर्ड दुकानदाराचा असतो म्हणायचे. गुरुजी नवीन, त्यांना काही माहीत नाही, पण चहा छान पाजला.

नकाशे काढले हे तर सिद्ध झालं. त्याच उन्हाळ्यात काढले का, ते नाही.

एक मार्ग मला दिसतोय, तुला सांगते, हसू नकोस. आपली अजिंठ्याची सहल आठव. तू गाडी लागून सगळ्यांचे रुमाल वापरलेस ती. सतरा नंबरच्या लेण्यात ती विश्वंतर राजपुत्राची भिंत आहे, सगळं दान करून टाकतो तो. तिथे चौकटीच नाहीत. एकाच भिंतीवर तोच राजपुत्र पुन्हा पुन्हा येतो, इथे महालात, तिथे रथात, पुढे रानात, मधे एखादा खांब नाहीतर दार, बास. बघणाऱ्याने चालत जायचं आणि गोष्ट पुढे सरकते. दीड हजार वर्षांपूर्वी त्या लोकांना एका भिंतीवर एकच माणूस दोन-चारदा काढायला काही अडचण वाटली नाही. मग माझ्या जोडपानावर दोन अण्णा का नकोत? डावीकडे बाज, माझ्या बोरूच्या रेघेत. उजवीकडे नकाशा, त्यांच्या इनॅमलमध्ये. मधे आमचं दार.

बाई म्हणतात वाचक गोंधळेल. मला नाही वाटत. त्यात छपाईची कटकट वेगळीच. शिवणीत प्रत्येक बाजूचा जवळजवळ अर्धा सेंटिमीटर गिळला जातो, म्हणजे दार नेमकं मधे घेतलं की दारच जाणार. शिवाय इनॅमल चमकतं, स्कॅनरवर टाकलं की लाइटचा पट्टा उमटतो, जळगावचा मुलगा म्हणाला फोटोच काढावा लागेल बाजूने उजेड टाकून. आणि तेल! रंगातलं तेल कागदात असं उतरलंय की नकाशाच्या भोवती पिवळट कडं आलंय आणि ते मागच्या पानांवरही उमटलंय, चौसष्टवर आईच्या पदराला, सहासष्टवर तर नुसत्या कोऱ्या जागेत एक पुसट डाग, साधारण विदर्भाच्या आकाराचा. बाई म्हणाल्या तो कॉम्प्युटरवर साफ करून देतील. मी म्हटलं हात लावायचा नाही त्याला. ते ठरलंय माझं. तो डाग छापायचा.

बाकीचं ठरत नाहीये आणि म्हणून तू पाहिजेस. कारण त्या उन्हाळ्यात आमच्या घरात माझ्याइतकीच तू होतीस. आई-दादा घरचे, ते आपापल्या बाजूने आठवणार. तुला अण्णा ओरडायचे पण नाहीत आणि तू घाबरायचीही नाहीस, तू त्यांना नीट बघितलंय. (आणि तो माझा सहा नंबरचा ब्रश, इंटरमिजिएटच्या परीक्षेच्या दिवशी नेलास तो. ए ग्रेड त्या ब्रशची होती हे मी मरेपर्यंत म्हणणार. एवढा हात होता तुझा आणि सोडून दिलंस, त्याचा राग मला अजून आहे, खरा राग.)

तुझं कसं चाललंय? उधन्याचं नवीन घर लागलं का? भाऊजींचं मिलचं काय झालं, शिफ्ट बदलली का? चिनूची दहावी म्हणजे तू घरात टीव्ही बंद केला असशील, पोराला थोडं हसू दे. काकूंना नमस्कार सांग, त्यांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं असेल तर कळव. आखाजीला आली नाहीस, आता निदान कानबाईला तरी ये, रोट खायला, सुरतेहून भुसावळला गाड्या काही बंद पडल्या नाहीत. अण्णा विचारतात, "संगी कवय येस?"

आणि लगेच उत्तर लिही. मला मत नकोय तुझं, बाज ठेव की नकाशा ठेव हे सांगू नकोस, ते मी आणि अण्णा भांडून ठरवू. मला फक्त आठवतं ते पाहिजे. तू सकाळी यायचीस, शाळेला सुट्टी, दहाच्या सुमाराला, आंबे घेऊन. तेव्हा अण्णांची ती हिरवी सायकल तुमच्या कंपाउंडला टेकवलेली असायची, कारण आमच्याकडे सावली नव्हती. त्या उन्हाळ्यात ती तिथे असायची का? काकूंनाही विचार, त्या तिच्यावर कपडे वाळत टाकायच्या आणि अण्णा चिडायचे.

तुझीच,
मधू