मालिकांच्या कॅसेटी आणि आपल्या जुन्या फायली

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या आठवड्यात आपल्या वाचकपत्रांत एका गृहस्थांनी ‘संपलेल्या मालिका उगाळत बसणाऱ्या रिकामटेकड्या बायकां’चा समाचार घेतला. मालिकांचे भाग असे टिपून ठेवणं ही चोरी आहे आणि ते जपायला वाहिन्या आहेतच, असा त्यांचा सूर. गावाचं नाव त्यांनी घेतलं नाही, पण रोख आमच्याकडेच असावा. अंबाजोगाईत आमचा एक कंपू कुणाच्या तरी घरी जमून मालिकांचे जुने भाग लावतो, हे आता मोंढ्यापर्यंत माहीत झालेलं आहे. एवढीच दुरुस्ती करते की कंपूत सगळ्या बायकाच नाहीत. सगळ्यांत कडक मतं एका निवृत्त एसटी वाहकांची असतात, आणि सुनांच्या बाजूनं भांडतात तेही तेच.

‘चार दिवस सासूचे’ ईटीव्ही मराठीवर 2001 साली सुरू झाली ती 2013 च्या जानेवारीत संपली. 3,000 हून अधिक भाग झाले. रोहिणी हट्टंगडींची आशालता देशमुख आणि कविता लाड यांची अनुराधा, या दोघींची नावं इथं शेजारणींसारखी घेतली जायची. तिचे, आणि तिच्या आधीच्या ‘दामिनी’, ‘आभाळमाया’ या मालिकांचे जे भाग कुणीकुणी घरच्या व्हीसीआरवर उतरवून ठेवले होते, ते आम्ही गोळा करतो, त्यांना तारखा लावतो, जमेल ते संगणकावर घेतो आणि मग त्यांवर यथेच्छ वाद घालतो. (‘दामिनी’वर मराठवाड्याचा हक्क जरा जास्तच. तिच्यातल्या नायिका प्रतीक्षा लोणकर औरंगाबादच्या ‘जिगीषा’ या नाट्यसंस्थेतून पुढे गेलेल्या.)

कॅसेटींपेक्षाही मला वह्या मोलाच्या वाटतात. भारनियमनाची ती वर्षं वाचकांना आठवत असतील. मालिका सुरू झाली की लाईट जायची आणि शीर्षकगीताशिवाय हाती काही लागायचं नाही. ज्या भागात लाईट असे तिथल्या बाया मालिका बघत आणि दुसऱ्या दिवशी बाकीच्यांना सांगत. सांगून सांगून कंटाळा आला म्हणून एका मावशींनी रोज चार ओळी लिहायला सुरुवात केली आणि ती वही गल्लीत फिरू लागली. एका पानावर आहे: ‘आशाताई लई खवळल्या. अनु गपगार. मधीच लाईट गेली. आली तवर सगळं मिटलेलं, कसं मिटलं कुणाला म्हाईत नाही.’ खाली दुसऱ्याच हस्ताक्षरात: ‘मिटलं नाही. उद्या बघा.’ पडद्यावरच्या बंगल्यातली भानगड बीड जिल्ह्याच्या तोंडून ऐकायची तर ती या वहीतच. वाहिनीच्या कपाटात ती कुठून असणार?

आणि पट्टी. केबलवाले तेव्हा मालिकेच्या खाली स्वतःची पट्टी सरकवायचे. साड्यांचा सेल, दहावीच्या शिकवण्या, अमक्या दवाखान्यात तमक्या तारखेला येणारे पुण्याचे डॉक्टर, हरवलेली गाय, नळाला पाणी शनिवारी. तेव्हा तिचा वैताग यायचा, कारण पत्र वाचण्याचा प्रसंग असला की पट्टी नेमकी पत्रावरूनच जायची. पुढे, 2017 पर्यंत, केबलचं डिजिटलीकरण झालं, घरोघरी सेट-टॉप बॉक्स आले आणि मालिकांखालची ती पट्टी दिसेनाशी झाली. आज आम्ही कॅसेट लावतो तेव्हा निम्मा वेळ कथेपेक्षा पट्टीवरच चर्चा चालते. ते दुकान कुठं होतं, त्या डॉक्टरांची फी किती होती, गाय सापडली का. मधल्या जाहिरातींचंही तेच. कुणी टिपताना हुशारीनं जाहिराती गाळल्या असतील तर आमच्याकडे त्याचं कौतुक होत नाही, बोलणी बसतात. वाहिनीकडची मूळ प्रत कितीही स्वच्छ असो, तिच्यात अंबाजोगाईचं शनिवारचं पाणी नाही.

टिपणाऱ्यांनीही घोळ घातलेलाच आहे. कॅसेट तीन तासांची आणि महाग, म्हणून लोकांनी ठेवलं काय, तर लग्न, कोर्ट, मेलेला माणूस परत येणं. मंगळवारचा साधा भाग, ज्यात दोन जावा मेथी निवडत कुणाच्या तरी बारशाचं बोलतात, त्याच्यावर दुसऱ्या दिवशी क्रिकेटची मॅच टिपली गेली. माझं मत असं की खरा ऐवज त्या मंगळवारांतच होता. लग्नं तर सिनेमातही पाहायला मिळतात. लँडलाईन वाजल्यावर घरात कोण उठायचं, सासऱ्यांसमोर सून कुठं उभी राहायची, चहा कुणाला आधी जायचा, हे दिग्दर्शकाला सांगायचंच नव्हतं. आठवडा भरून काढायच्या नादात ते आपोआप पडद्यावर आलं. ‘पाणी घालून वाढवलेली’ म्हणून मालिकांना हसतात. हसोत. आमच्याच गावच्या संतकवी दासोपंतांनी गीतेवरचा ‘गीतार्णव’ सव्वा लाख ओव्यांचा केला, त्यांना कुणी आटोपतं घ्या म्हटल्याचं ऐकिवात नाही.

हे सगळं वाहिन्या जपतीलच, असं आपले पत्रलेखक गृहीत धरतात. कशाच्या भरवशावर? ईटीव्ही मराठी 2000 साली सुरू झाली, हैदराबादच्या रामोजी समूहाची. पुढे मालकी बदलली आणि 2015 मध्ये नावही ‘कलर्स मराठी’ झालं. ‘आभाळमाया’ लागायची त्या ‘अल्फा मराठी’चं ‘झी मराठी’ झालं. अशा हस्तांतरात जुन्या टेपांचं काय होतं, हे बाहेरच्या माणसानं विचारायची सोय नाही. पुस्तक छापलं की 1954 च्या कायद्यानं त्याची प्रत राष्ट्रीय ग्रंथालयाला द्यावी लागते, वृत्तपत्रांनाही तो नियम आहे. अकरा वर्षांहून जास्त घरोघरी चाललेल्या मालिकेला असा कुठलाही नियम नाही. ब्रिटनच्या बीबीसीनं साठ-सत्तरच्या दशकांत जागा आणि पैसा वाचवायला आपल्या मालिकांच्या टेपा पुसल्या. त्यांच्या ‘डॉक्टर हू’ या मालिकेच्या हरवलेल्या भागांचा निदान आवाज आज ऐकायला मिळतो, तो पोरांनी घरी टीव्हीसमोर टेपरेकॉर्डर धरला होता म्हणून.

आता चोरीचा आरोप. त्यांच्या पत्रातलं हेच वाक्य मला विचार करण्यासारखं वाटलं. दुसऱ्याची मालिका इंटरनेटवर टाकून कुणी पैसे कमावत असेल तर ते गैरच, आणि आमच्यातल्या एका उत्साही भाच्याला आम्ही त्यावरून थांबवलेलंही आहे. पण कायद्याचं गणित बघा. अशा चित्रित कृतीचा स्वामित्वहक्क प्रसारणानंतरच्या वर्षापासून 60 वर्षं चालतो. म्हणजे 2001 चा भाग 2061 संपल्यावर मोकळा होणार. व्हीएचएस कॅसेट तोवर थांबत नाही. आमच्याकडे उन्हाळ्यात पत्र्याखाली ती तापते, पावसाळ्यात फितीवर पांढरी बुरशी धरते, आणि लावली की पडद्यावर मुंग्या. व्हीसीआर बनवणाऱ्या शेवटच्या जपानी कंपनीनंही 2016 च्या जुलैत उत्पादन थांबवलं. सध्या आमचे दोन व्हीसीआर तिसऱ्याचे भाग काढून चालतात आणि हेड साफ करणारा माणूस लातूरहून येतो. तो पंचाहत्तरीचा आहे.

दासोपंतांचं नाव निघालंच आहे तर त्यांच्या पासोडीचंही सांगते. सोळाव्या शतकात या गृहस्थांनी ‘पंचीकरण’ कापडावर लिहिलं, भलंमोठं, आणि ते कापड आजवर राहिलं ते गावातल्या माणसांनी घरात सांभाळलं म्हणून. मालिकेची आणि पासोडीची बरोबरी मी करत नाही. आमच्यात ती करणारे आहेत, त्यांना मी गप्प बसवते. पण कापड असो की फीत, पहिली काही वर्षं ती कुणाच्या तरी माळ्यावरच काढते.

हे पत्र लिहिण्यामागे एक कामही आहे. कॅसेटींवर तारखा नाहीत. वेष्टनावर ‘सासू, पाऊस’ एवढंच लिहिलेलं असतं. तारीख लावायला आमच्याकडे दोनच आधार. एक पट्टीवरचा सेल, आणि दुसरा म्हणजे वर्तमानपत्रात रोज छापून येणारा ‘आज दूरचित्रवाणीवर’ हा रकाना, ज्यात कधी कधी त्या दिवशीच्या भागाची एक ओळ असायची. इथल्या वाचनालयानं जुने अंक रद्दीत घातले. त्यांच्याही जागेची अडचण मी समजू शकते. आपल्या कार्यालयात मात्र बांधीव फायली असणार. आम्हाला 2001 ते 2013 चे तेवढे रकाने उतरवून घ्यायचे आहेत. फोटो चालत नसेल तर हातानं लिहू. शाईचं पेन आणणार नाही, चहाही आमचा आम्ही बाहेर घेऊ. वाहकसाहेब धरून चौघंजण येऊ. शनिवारी दुपारी चालेल, की आपल्याला मधला वार सोयीचा?

आपली,
एक नियमित वाचक,
अंबाजोगाई, जि. बीड