परड्याकडची भिंत

खानापूर,
श्रावणातला तिसरा सोमवार

प्रिय दत्तू,

गणपतीत येऊन गेलास त्याला वर्ष होत आलं. मधे दोनदा तुझा फोन आला, दोन्ही वेळा 'मग करतो' म्हणालो आणि केला नाही. राग धरला असशील तर धर, तुझा हक्क आहे. पण आता जे सांगायचं आहे ते तुझ्याशिवाय कुणाला सांगून कळणार नाही, आणि फोनवर तू मला वाक्य पुरं करू देत नाहीस. म्हणून लिहितो.

परड्याकडची भिंत पडली.

कुणाला लागलं नाही. आईचे गुडघे तसेच, माझी शुगर तशीच, हिची पाठ मधूनमधून. तब्येतीचं एवढंच.

आषाढी झाली त्या आठवड्यात पाऊस धरला तो सोडेचना. गल्लीतल्या गटारीचं तोंड चोंदलं आणि सगळं पाणी आपल्या परड्यात शिरलं. संध्याकाळी पायरीला होतं, रात्री नऊला न्हाणीच्या उंबऱ्यावर. पहाटे तीनच्या सुमारास आधी कौलं सरकल्याचा आवाज झाला आणि मग माडीवरून भाताचं पोतं टाकावं तसा एक जड आवाज. आई अंथरुणात उठून बसली आणि म्हणाली, "गेली गा भिंत." तिला उठून बघावंसुद्धा लागलं नाही. चौदा फूट भिंत, न्हाणीचा कोपरा, वरचे तीन वासे, कौलं, सगळं पाण्यात.

उजाडल्यावर पहिली आठवण तुझी झाली. 2019 च्या ऑगस्टमध्ये वेदगंगेचं पाणी उतरल्यावर तुम्ही सगळ्यांनी मिळून एका दिवसात घरातला गाळ काढलात, गाद्या, टीव्ही, फ्रिज उकिरड्यावर नेऊन टाकलेत, आणि आठवड्यानं विम्याचा माणूस आला तेव्हा त्याला दाखवायला तुमच्याकडे धुतलेलं घर होतं. ते डोक्यात होतं म्हणून मी ढिगाऱ्याला कुणाला हात लावू दिला नाही. आधी चारी बाजूंनी फोटो काढले, त्याच सकाळी कंपनीला फोन करून क्लेमचा नंबर घेतला, तो आईच्या देवघरातल्या कॅलेंडरवर लिहिला, मग तलाठ्याकडे गेलो.

पाणी ओसरल्यावर उरलेल्या भिंतीवर एक रेघ राहिली. गाळाची, तांबूस, तिच्यात भाताचं तूस आणि चिंचेचा पाला चिकटलेला, फूटपट्टीनं मारावी तशी सरळ. आईला पंचमीच्या आधी चुना मारून हवा होता. "सणाला घर असं चिखलाचं ठेवतात काय?" मी रेघेवर प्लॅस्टिकचा कागद बांधला आणि पुसू देणार नाही म्हणालो. दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. तू असतास तर तिचं ऐकून गुपचूप चुना मारून मोकळा झाला असतास, मला माहीत आहे. आईपुढे तुझं कधी काही चाललेलं नाही.

सर्व्हेअर हुबळीचा. माणूस चांगला होता. बूट काढून, पँट दुमडून चिखलात उतरला, टेप लावून रेघ मोजली, दोन फूट चार इंच, आणि रेघेचाच जवळून फोटो घेतला. थोडं हिंदीत, थोडं कन्नडात त्यानं सांगितलं ते मी लक्ष देऊन ऐकलं. वर्षानुवर्षं ओल मुरून भिंत मऊ झाली असेल तर ती झीज, तिला पैसे नाहीत. बाहेरचं पाणी येऊन साठलं आणि त्यानं भिंत पडली तर ते पुराच्याच कलमात बसतं. म्हणजे सगळं त्या रेघेवर होतं. संध्याकाळी आईला हे सांगितलं तर तिनं आपणहून त्या प्लॅस्टिकवर दगड ठेवला.

मग सामानाची यादी आली. पॉलिसी 'भारत गृह रक्षा' आहे. घराच्या विम्याचा हा ठरीव नमुना 1 एप्रिल 2021 पासून सगळ्या कंपन्यांना ठेवायला लावला होता. जागेची किंमत धरत नाहीत, फक्त बांधायचा खर्च धरतात. आमचं 900 चौरस फूट, 1,600 च्या दरानं 14 लाख 40 हजार, आणि घरातल्या सामानाला त्याच्या 20 टक्के आपोआप. यादीत प्रत्येक वस्तूपुढे 'केव्हा घेतली' असा रकाना. न्हाणीतला तांब्याचा बंब आठवतो ना, भिंतीखाली येऊन पापडासारखा चपटा झालाय. केव्हा घेतला म्हणून आईला विचारलं तर म्हणाली, "घेतला नाही, माझ्याबरोबर आला." तो रकाना अजून मोकळाच आहे.

भिंतीचा इंजिनिअरनं काढलेला खर्च 2 लाख 18 हजार. मागच्या आठवड्यात कंपनीचं पत्र आलं. क्लेम नामंजूर. कारणं दोन. एक, बांधकाम कच्चं. दुसरं, जुनी झीज.

दत्तू, त्या 'कच्चं' शब्दानं मला दोन रात्री झोप नाही. मी तलाठ्याला मराठीत म्हणालो होतो, मातीची भिंत. त्यानं पंचनाम्यात कन्नडात लिहिलं, 'मण्णिन गोडे'. तेही बरोबरच, त्याचा काही दोष नाही. पुढे कंपनीच्या ऑफिसात कुणीतरी त्याचं इंग्रजी केलं आणि तिथं भिंत कच्ची झाली. आज्जाची भिंत! दीड हात जाड, दगडी जोत्यावर घातलेली, पांढऱ्या मातीची. दहावीच्या सुट्टीत तू तिच्यात क्रिकेटच्या टाइमटेबलासाठी खिळा मारायला गेलास, तीन खिळे वाकवलेस, आणि आज्जा ओरडला होता, "पोरा, खिळे काय तुझा बाप देणार?" ती भिंत कच्ची.

मी पॉलिसीचं पुस्तक काढून बसलो. कच्चं बांधकाम कशाला म्हणायचं ते त्यात सरळ लिहिलेलं आहे. लाकडी फळ्या, गवत, झावळ्या, बांबू, प्लॅस्टिक, कापड, ताडपत्री असल्या वस्तूंच्या भिंती किंवा छप्पर. मातीचं नाव नाही. चार वेळा वाचलं, मग हिला मोठ्यानं वाचायला लावलं. ते पान, पंचनामा आणि त्याचं शपथेवर केलेलं भाषांतर जोडून कंपनीच्या तक्रार विभागाला रजिस्टर पत्र टाकलं, आणि सर्व्हेअरच्या अहवालाची प्रतही मागितली. त्यानं रेघेबद्दल काय लिहिलंय ते मला बघायचं आहे. महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा नाहीच म्हणाले, तर बेंगळुरूला विमा लोकपालाकडे जाणार. तिथे 50 लाखांपर्यंतची प्रकरणं घेतात, फी लागत नाही, वकील चालत नाही, आणि त्यांचा निकाल कंपनीवर बंधनकारक. फक्त नकार आल्यापासून वर्षाच्या आत जावं लागतं.

कागदांची कथा वेगळीच. खरेदीखत 1951 चं, मुंबई राज्यातलं, मराठीत, आज्जाच्या नावाचं. आत्ताचा उतारा कन्नडात, माझ्या नावाचा, त्यात आडनावाचं एक अक्षर फिरलेलं. पॉलिसीवर बेळगाव, आधारवर बेळगावी. घर तेच, उंबरा तोच, पण कागदावर माणसं तीन आणि गावं दोन. बँकेतल्या बाई म्हणाल्या, प्रतिज्ञापत्र करा. केलं.

आता जे लिहायला बसलो ते. 2019 ला तू फोन केलास तेव्हा तुझ्या घराला सरकारी यादीत 'सी' लावला होता, म्हणजे कमी नुकसानीचा वर्ग. पूर्ण पडलेल्याला 5 लाख आणि तुमचं नुसतं उभं राहिलं म्हणून 'सी'. वर विम्यानंही हात वर केलेले. तू अर्धा तास बोललास, आणि मी काय म्हणालो? "तंबाखूत तुझं चाललंय की चांगलं, कशाला त्या कागदांच्या मागे लागलास." तू फोन ठेवलास तो दसऱ्यापर्यंत बोलला नाहीस. मला वाटलं पैशावरून रुसलाय. वाटेत यमगर्णीला हायवेवर पाणी होतं म्हणून आलो नाही, असं मी सगळ्यांना सांगितलं. पण रस्ता सुरू झाल्यावरही मी आलो नव्हतो. आपलं घर आपल्या डोळ्यांदेखत पाण्यात गेलेलं असताना ते गेलं हे परक्या माणसाला कागदावर पटवून द्यायचं, आणि त्यानं मान हलवायची, हे काय असतं ते मला तेव्हा कळलं नाही. तू पैसे मागत नव्हतास. कुणीतरी 'होय, गेलं' म्हणावं एवढंच तुला हवं होतं. मी म्हणालो नाही. दत्तू, माझं चुकलं.

धाकटीचं अॅडमिशन झालं का? थोरला इचलकरंजीतच आहे की पुण्याला गेला? वहिनींच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं म्हणे, आक्काकडून कळलं. त्यांना माझा नमस्कार सांग, भेटायला येतोच.

आणि एक काम आहे. दुसऱ्या कारणाला, जुन्या झिजेला, उत्तर द्यायचं तर पडायच्या आधी भिंत धड होती हे दाखवायला लागतं. माझ्याकडे तिचा एकही फोटो नाही. रोजच्या भिंतीचा फोटो कोण काढतो? पण मागच्या गणपतीत परड्यात जेवायच्या पंगतीला थोरल्यानं तुझा एक काढला होता. हातात मोदक, पाठीमागे अख्खी भिंत, कोरडी, नुकता चुना दिलेली, वर कौलांपर्यंत. त्यात तुझे डोळे मिटलेत म्हणून तू तो पुसायला सांगत होतास आणि पोरगा ऐकत नव्हता. त्यानं पुसला नसेल तर आजच्या आज पाठव. व्हॉट्सअॅपवर नको, त्यात तारीख जाते म्हणतात. मूळ फाइल ईमेल कर.

आई विचारते, दत्तू चतुर्थीला येणार ना? परड्यात बसायला जागा नाही, सोप्यात पानं मांडू.

तुझा,
शंकर