काका, बाटली आता तीनदा वाचते

ती. काकांस,
सा. न.

तुमचं काडतुसं भरायचं प्रेस काल गॅरेजमधल्या बाकावर बसवलं. चार बोल्ट, खाली दोन इंचांची फळी, तरी हँडल ओढलं की बाक जरासा कुरकुरतोच. अ‍ॅरिझोनाला मुलीकडे निघताना तुम्ही ते धूड माझ्या गाडीच्या डिकीत ठेवलंत. मी आभार मानायला तोंड उघडलं, तर "चल, चहा निवतोय" म्हणून आत निघून गेलात. म्हणून हे चारचौघांत लिहितेय. इथून उठून जाता येणार नाही तुम्हाला.

वाचणाऱ्यांना थोडं सांगायला हवं. मी मिरजेची, पेनसिल्व्हेनियात फार्मसिस्ट. काका कोल्हापूरचे, उद्यमनगरात लेथवर हात बसलेला, मग चाळीस वर्षं इथल्या मशीन शॉपमध्ये. इथे थँक्सगिव्हिंगनंतरच्या शनिवारी रायफलने हरणांची शिकार सुरू होते आणि अर्धं गाव नारिंगी जाकिटं घालून रानात जातं. भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार हा गुन्हा आहे, त्यामुळे माझ्या आईला हे सगळं अजून झेपलेलं नाही. तिला मी एवढंच सांगते की परवाना काढते, मारते ते खाते आणि माझा मेथीचा वाफा दोन वर्षं हरणांनीच खाल्लाय.

रायफल मी जुनी घेतली, विंचेस्टर मॉडेल ७०. काडतूस '.२७० विंचेस्टर'. १९२५ साली बाजारात आलेलं, आज शंभरी गाठलेलं. दुकानातली तयार काडतुसं महाग पडायला लागली तेव्हा तुम्ही म्हणालात, "भर की घरी. औषधं मोजतीस, हे का जमंना?"

त्या वाक्यानेच घात केला, काका. मला वाटलं, जमतंच आहे. ग्रेन हे वजन तर माझ्याच धंद्यातलं जुनं माप. तुम्ही ते आणखी घरात आणून सोडलंत. तुमचे मामा कोल्हापूरच्या गुजरीत सोनारकाम करायचे, त्यामुळे तुमचा हिशेब तोळ्यात: तोळा म्हणजे १८० ग्रेन, गुंज म्हणजे दोन ग्रेनला थोडी कमी. माझी १३० ग्रेनची गोळी पाऊण तोळ्याच्या जरा आत. तेव्हापासून मी तराजूवर अर्धा ग्रेन टाकताना मनात पाव गुंज म्हणते.

तो जूनमधला रविवार मला मिनिटामिनिटाने आठवतो. पुंगळ्या (झाडलेल्या काडतुसांची रिकामी पितळी नळकांडी) धुऊन, डाय म्हणजे आकार परत आणणाऱ्या साच्यातून काढून, कापून २.५३० इंचांवर आणलेल्या. बुडाला प्रायमर, म्हणजे ठिणगी देणाऱ्या टोप्या, बसवलेले. समोर पुस्तक उघडं, 'एच ४८३१' या पावडरीचा, म्हणजे दारूचा, किती भरायची ते सांगणारा तक्ता. बाटलीतली पावडर मापात (हँडल फिरवलं की ठरावीक पावडर सोडणाऱ्या डब्यात) ओतलेली, पाच पुंगळ्या भरून झालेल्या. तुम्ही चकल्यांचा डबा परत द्यायला आलात. माझ्याकडे बघितलंच नाहीत, बाकाकडे बघितलंत.

"थांब. बाटली दाव."

बाटलीवर 'आयएमआर ४८३१' होतं.

दुकानात मी नुसतं "४८३१ द्या" म्हणाले होते, समोर होती ती मिळाली, घेऊन आले. तुम्ही ओरडला नाहीत. स्टूल ओढून बसलात आणि गोष्ट सांगितलीत. दुसऱ्या महायुद्धानंतर सरकारकडे २० मिलिमीटरच्या तोफेची दारू ढिगाने पडून होती. ब्रूस हॉजडन नावाच्या कॅन्ससच्या माणसाने असली लष्करी शिल्लक पावडर घेऊन शिकाऱ्यांना स्वस्तात विकायला सुरुवात केली. ती त्याची ४८३१, म्हणून आधी 'एच'. पुढे ड्यूपाँटने त्याच आकड्याची आपली पावडर काढली, ती 'आयएमआर'. आकडा एक, पण आयएमआर जरा लवकर जळते. एकीचा तक्ता दुसरीला लावला की दाब तक्त्याबाहेर जातो. "आळीत दोन सुरेश असत्यात," तुम्ही म्हणालात, "आडनाव इचारल्याबिगर पत्र देतीस व्हय?"

मेल्याहून मेल्यासारखं झालं. हायड्रॅलझिन आणि हायड्रॉक्सीझिन ही सारख्या नावांची औषधं शेजारी ठेवायची नाहीत म्हणून मी रोज फार्मसीतल्या पोरांना ओरडते. बाटली उचलताना, मोजताना, परत ठेवताना, असं तीनदा लेबल वाचायचं हे मी कॉलेजात घोकलेलं. आणि घरी आल्यावर अ‍ॅप्रनबरोबर तेही खुंटीला टांगलं होतं.

दुसरी चूक तुम्ही नंतर काढलीत आणि ती जास्त लागली. मी तक्त्याच्या वरच्या टोकापासून भरायला घेतलं होतं. खालच्या मापापासून सुरुवात केली असती तर एवढ्या घोळानंतरही बहुधा काही बिघडलं नसतं. पाचही पुंगळ्या उलट्या करून पावडर तिच्याच बाटलीत परत गेली, बाटली कपाटात गेली. बाकावर एका वेळी एकच बाटली, हा नियम त्या दिवसापासून.

मग तुम्ही मला पावडर निवडायची कशी ते दाखवलंत. वर्तमानपत्रावर चिमूटभर एच ४८३१ पसरलीत. पेन्सिलीच्या शिशाच्या बारीक शेवयाच जणू. भिंगाखाली प्रत्येक तुकड्याला आरपार भोक. बाहेरून जळत तुकडा बारीक होतो, आतून भोक मोठं होतं, म्हणून जळणारा पृष्ठभाग एकदम घटत नाही. आमच्या काडतुसाची पुंगळी '.३०-०६' या जुन्या काडतुसाच्या घराण्यातली, पोट मोठं आणि तोंड फक्त .२७७ इंचाचं. एवढ्या पोटात झटकन पेटणारी दारू भरली तर गोळी हलायच्या आत दाब डोक्यावर जातो. इथे सावकाश जळत गोळीला नळीभर ढकलत नेणारीच हवी. आणि ती पुंगळी जवळजवळ भरून टाकते, त्यामुळे चुकून दोनदा ओतली तर बाकावर सांडते आणि चोरी पकडली जाते. मला सगळ्यात पटलेलं कारण हेच. त्याच पावडरीची आखूड तुकड्यांची जातही मिळते. ती मापातून सुरळीत उतरते, लांब तुकडा कापला जाताना हाताला लागणारा तो 'कट्' कमी होतो. मी आता तीच वापरते. उन्हाळ्यात जमवलेलं माप कडाक्याच्या थंडीतही फारसं बदलत नाही, हा तिचा मोठा गुण. आम्ही तपासणी जुलैत करतो आणि शिकार बर्फात.

मापांचे आकडे मी इथे मुद्दाम लिहीत नाही. ते पावडर कंपनीच्या चालू तक्त्यातून घ्यायचे, कुणाच्या पत्रातून नाही.

जुलैत नेमबाजीच्या रेंजवर गेलो. अर्ध्या-अर्ध्या ग्रेनच्या पाच पायऱ्या, प्रत्येकीची पाच काडतुसं, पुंगळीवर मार्करने नंबर. प्रत्येक बारानंतर तुम्ही पुंगळी उचलून मामांच्या भिंगातून प्रायमर बघायचात. कडा गोल आहेत की चपट्या झाल्यात, बुडावर चकचकीत ठसा उमटलाय का, म्हणजे दाब जास्त झालाय का. मला काम एकच, रायफलीचा बोल्ट, म्हणजे मागची कडी, उचलताना हाताला काय लागतं ते सांगणं. चौथ्या पायरीला शंभर यार्डांवर पाचही भोकं सव्वा इंचात आली. पाचवी गोळीच्या वेगाच्या मोजणीत थोडी वेगवान भरली, पण बोल्ट किंचित जड उठला. मी म्हटलं, तक्त्यात तर बसतंय. तुम्ही म्हणालात, "तक्ता त्यांच्या रायफलीचा. तुझी नको म्हणतीया." उरलेली पाचव्या पायरीची काडतुसं तुम्ही माझ्याकडून घरी फोडून घेतलीत. हातोडीसारख्या त्या पुलरने एकेक गोळी ठोकून काढताना माझा दंड दुखला. ते मुद्दाम होतं, हे मला ठाऊक आहे.

डिसेंबरात त्या चौथ्या पायरीच्या एकाच काडतुसावर हरीण मिळालं. ऐंशी यार्ड. तुम्हाला पाठवलेला खिमा त्यातलाच. काळं तिखट कमी पडलं म्हणालात, ते मान्य.

आता एक काम आहे. ती आयएमआरची बाटली कपाटात तशीच आहे. तिच्याच तक्त्याने, खालच्या टोकापासून, पाच काडतुसं भरायची म्हणतेय. शनिवारी सकाळी व्हिडिओ कॉलवर बसाल का? हिवाळ्यात तुमच्याकडे दोन तास मागे असतं, म्हणून इथल्या दहाला लावते. बाटली आधी कॅमेऱ्यासमोर धरीन.

तुमची,
मिरजेची पोरगी