परत बर्फावर येणं ही हौस नव्हे

मा. संपादक,
स.न.वि.वि.

कालच्या क्रीडा पुरवणीतला फिगर स्केटिंगवरचा लेख मी दोनदा वाचला. पहिल्यांदा वाचून इतकी चिडले, की ह्यांनी फोन हातातून काढून घेतला. रात्री परत उघडला, म्हटलं वाचण्यात आपलीच काही चूक झाली असेल. झाली नव्हती. २०२५ साली बोस्टनला अमेरिकेची अलिसा लिऊ परतून जगज्जेती झाली तो अपवाद, बाकी निवृत्तीनंतर परतलेल्या स्केटरांनी स्वतःची शोभा करून घेतली, हाच सूर पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत आहे. मथळ्यातच ‘हौस’ हा शब्द आहे. त्या शब्दासाठी हे पत्र.

आधी १९९४. लिलहॅमर ऑलिम्पिकमधली दोन नावं तुमच्या लेखकांनी घेतली. दोघेही पूर्वीचे ऑलिम्पिक विजेते; काटारिना विट सातवी आली आणि ब्रायन बॉयटानो सहावा. बरोबर आहे. पण व्यावसायिक शो करणाऱ्यांना परत यायची मुभा मिळाली ती त्याच वेळी, आणि ती घेऊन उतरलेले हे दोघेच नव्हते. गोर्देयेवा आणि ग्रिन्कोव्ह ही रशियन जोडी, जोडीच्या प्रकारातले १९८८ चे विजेते. मधल्या काळात त्यांचं लग्न झालं, त्यांना मुलगी झाली, आणि त्यांनी लिलहॅमरला पुन्हा सुवर्ण जिंकलं. आइस डान्समधले ब्रिटनचे टॉर्व्हिल आणि डीन दहा वर्षांनी ऑलिम्पिकला आले आणि कांस्य घेऊन गेले. १९९२ चा विजेता पेट्रेन्को चौथा आला. ही नावं लेखात नाहीत. जी दोन आपल्या म्हणण्याला सोयीची, तेवढीच उचलायची, हे मला पटलं नाही.

आणि विटच्या सातव्या क्रमांकाबद्दल ज्या शब्दांत लिहिलंय, ते वाचून वाईट वाटलं. ती १९८४ साली जिंकली ती सारायेव्होच्या झेत्रा स्टेडियमवर. १९९४ च्या फेब्रुवारीत त्या शहराला वेढा होता, झेत्रा तोफांनी उद्ध्वस्त झालं होतं, शेजारच्या मैदानात कबरी खणल्या होत्या. विट अठ्ठावीस वर्षांची होती. तिच्या उड्या त्या वेळच्या मुलींच्या तोडीच्या नव्हत्या, तरी ती उतरली आणि आपला फ्री स्केट, म्हणजे स्पर्धेतला लांबचा कार्यक्रम, तिने सारायेव्होला वाहिला. हा संदर्भ गाळून नुसता सातवा नंबर छापणं हा तिच्यावर अन्याय आहे.

आता मला या विषयाचं इतकं का लागतं, ते सांगते. आम्ही ऑन्टॅरिओत राहतो. २०१३ च्या मार्चमध्ये इथल्या लंडन शहरात जागतिक स्पर्धा होती. शेजारणीकडे दोन तिकिटं जास्तीची होती, म्हणून मी आणि माझी सहा वर्षांची लेक गेलो. दक्षिण कोरियाची किम यूना जवळजवळ दोन वर्षं मोठ्या स्पर्धांपासून लांब राहून परतली होती. ती संपलीच, असं तेव्हाही लिहून झालं होतं. त्या दिवशी तिने २१८.३१ गुण घेतले. दुसरी आलेली कॅरोलिना कोस्टनर तिच्यापेक्षा वीस गुणांनी मागे होती. पदक देताना इथल्या गायनवृंदाने कोरियाचं राष्ट्रगीत कोरियन भाषेत म्हटलं. माझी पोर खुर्चीवर उभी राहून बघत होती. घरी येताना गाडीत तिने एकच विचारलं, “आई, ती मागे जाताना पडत कशी नाही?”

पुढच्या महिन्यात तिचं नाव घातलं. सात वर्षं पहाटे पाचला उठलो. इथल्या थंडीत गाडीवरचा बर्फ खरवडायचा, थर्मासमध्ये दूध, मागच्या सीटवर अर्धवट झोपलेली मुलगी. तेराव्या वर्षी तिला दुहेरी सॅल्कॉ (हवेत दोन गिरक्यांची उडी) येत होता. मग मार्च २०२० आला. मॉन्ट्रियलच्या जागतिक स्पर्धेची तिकिटं काढून ठेवली होती, ती स्पर्धाच रद्द झाली. रिंक बंद. उघडले तेव्हा तिची उंची वाढली होती, बूट दोन नंबरांनी लहान झाले होते, आणि तिने सांगितलं की नको आता. मी जोर केला नाही. बूट तळघरात गेले.

मॉन्ट्रियलची हुकलेली स्पर्धा २०२४ साली पुन्हा मॉन्ट्रियललाच झाली. आम्ही सहा-सात तास गाडी चालवून गेलो, ते खरं तर चार वर्षांपूर्वीचं राहिलेलं पुरं करायला. तिथे डिॲना स्टेलाटो-ड्यूडेक जोडीच्या प्रकारात जिंकली. वय चाळीस! ही बाई २००० साली कनिष्ठ गटाच्या जागतिक स्पर्धेत एकेरीत दुसरी आली होती. दुखापतींमुळे किशोरवयातच खेळ सुटला. पंधरा-सोळा वर्षं खेळापासून लांब राहिली, त्वचेची निगा राखायचं काम केलं. तेहतिसाव्या वर्षी परत बूट चढवले, आणि तेही एकेरी सोडून जोडीत. म्हणजे परक्या माणसाने डोक्यावर उचलायचं, फेकायचं, आणि आपण एका पायावर उतरायचं. मॅक्सिम देशाँबरोबर तिने जे जग जिंकलं, ते इतक्या वयात त्याआधी कुठल्याही बाईने जिंकलं नव्हतं. तुमच्या लेखात तिचं नाव नाही. परतलेल्या स्केटरांवर आख्खं पान आणि त्यात हिचं नाव नाही, हे मला अजून समजलेलं नाही.

घरी आल्यावर लेक तळघरातून जुने बूट वर घेऊन आली. मला म्हणाली, “आई, नवे घ्यावे लागतील.”

आणि इथे आमच्या भागातल्या एका क्लबचा अनुभव मला सांगायलाच हवा. नाव लिहीत नाही. आम्ही चौकशीला गेलो. पहाटेच्या सत्रात आठवड्यातून दोनदा जागा मागितली, तीही पैसे भरून. तिथल्या प्रशिक्षकबाईंनी मुलीकडे खालपासून वरपर्यंत पाहिलं आणि म्हणाल्या, इथे अकरा-बारा वर्षांच्या मुली असतात, चार वर्षं सोडल्यावर काही परत येत नाही, तू रविवारी संध्याकाळी मोठ्यांच्या सत्राला जा, तिथे मजा येते. बर्फावर पाय ठेवून दाखव, एवढंसुद्धा म्हणाल्या नाहीत. मुलगी गाडीत येऊन बसली ती बुटांसकट, ब्लेडवर कव्हर तसंच. घरापर्यंत बोलली नाही. सतरा वर्षांची मुलगी हो! तिला ऑलिम्पिकला कुठे जायचं होतं? तुमच्या लेखातला ‘हौस’ हा शब्द वाचला आणि मला त्या बाई आठवल्या. त्यांनीही तसाच शब्द वापरला होता.

शेवटी पाऊण तासावरच्या दुसऱ्या रिंकवर एक म्हातारे प्रशिक्षक भेटले. ते म्हणाले, उडी नंतर, आधी मला उलटं जाऊन दाखव. दहा मिनिटं ते नुसते तिचे पाय बघत होते, ब्लेडच्या आतल्या धारेवर जाते का, बाहेरच्या धारेवर जाते का. मग मला बोलावून म्हणाले, हे सगळं शाबूत आहे, हे जात नसतं.

त्यांच्याकडून मी जे शिकले ते तुमच्या लेखकांनी कुणाला तरी विचारायला हवं होतं. धारेवर तोल धरून सरकणं, वळणं, संगीताबरोबर जाणं, हे अंगात मुरतं आणि वयाबरोबर सुधारतंही. जाते ती उडी. हवेत मिळतो सेकंदाहूनही कमी वेळ, त्यात लहान, सडपातळ अंग भराभर फिरतं. तेच अंग टीचभर उंच झालं, खांदे-कंबर रुंदावली, की गिरकी मंदावते आणि तीच उडी पहिल्यापासून शिकावी लागते. माझ्या लेकीला साधा, म्हणजे दीड गिरकीचा, अ‍ॅक्सल परत यायला पाच महिने लागले. मांडीवर किती काळेनिळे डाग पडले ते मी मोजायचं सोडलं होतं.

म्हणून जुन्या उड्या परत येत नाहीत हे लेखातलं वाक्य अर्धंच खरं आहे. अलिसा लिऊ तेराव्या वर्षी अमेरिकेची विजेती झाली, तेव्हा ती तिहेरी अ‍ॅक्सल मारत होती, पुढे चौहेरी लुट्झही (हवेत चार गिरक्यांची उडी). बोस्टनला त्यातलं काहीच नव्हतं. स्वच्छ तिहेरी उड्या, सुंदर गिरक्या, आणि चेहऱ्यावर जे होतं ते तुम्ही पाहिलंच असेल. २२२.९७ गुण. तीन वर्षं सलग जिंकणारी काओरी साकामोतो दुसरी. सोळाव्या वर्षी खेळ सोडून लिऊ एव्हरेस्टच्या पायथ्यापर्यंत चालून आली, कॉलेजात गेली, स्कीइंगला गेली आणि तिथे तिला बर्फावरचा तो वेग आठवला. परतली ती स्वतःच्या मनाने, आणि संगीत, पोशाख, कार्यक्रम यांत आपलं मत चालेल हे ठरवून. लहानपणी हे तिच्या हातात नव्हतं. मला वाटतं, सगळं इथेच आहे. कुणी का सोडलं आणि कुणाच्या सांगण्यावरून परत आलं, हे न विचारता नुसतं वय मोजून काय कळणार?

रशियाच्या मुली बंदीमुळे बोस्टनला नव्हत्या, हे लेखकांचं म्हणणं मला मान्य आहे. त्या असत्या तर निकाल काय लागला असता, कोण सांगणार? पण त्या मुलींचं काय झालं तेही लिहा. लिप्नित्स्काया पंधराव्या वर्षी २०१४ च्या सोची ऑलिम्पिकला सांघिक सुवर्ण जिंकली आणि एकोणिसाव्या वर्षी खाण्याच्या आजारामुळे निवृत्त झाली. झागितोवा २०१८ च्या ऑलिम्पिकला पंधराव्या वर्षी जिंकली, सतराव्या वर्षी थांबली. श्चेर्बाकोवा २०२२ ला जिंकली, त्यानंतर एकाही आंतरराष्ट्रीय स्पर्धेत दिसली नाही. आता मोठ्या गटाची वयाची अट पंधरावरून सतरा केली, ते फार आधी व्हायला हवं होतं.

रशियाच्या प्लुशेन्कोबद्दल मात्र लेखकांशी मी सहमत आहे. २०१० ला व्हॅन्कुव्हर ऑलिम्पिकला तो परतला आणि अवघ्या १.३१ गुणांनी सुवर्ण हुकलं, ते मोठंच होतं. पण सोचीला रशियाची एकच जागा होती, राष्ट्रीय विजेता कोव्ह्टुन होता, आणि जागा मिळाली पाठीची शस्त्रक्रिया झालेल्या प्लुशेन्कोला. सांघिक सुवर्ण मिळालं खरं, पण एकेरीत तो सरावातच थांबला. त्या तरुण मुलाची संधी गेली. त्याच्या उलट जपानचा दाइसुके ताकाहाशी. चार वर्षांनी, बत्तिसाव्या वर्षी परतला, जपानच्या राष्ट्रीय स्पर्धेत दुसरा आला, आणि जागतिक स्पर्धेची जागा त्याने स्वतः सोडली, पुढच्यांसाठी. हे दोन्ही छापलं असतं तर लेख वाचनीय झाला असता.

आइस डान्समधल्या कॅनडाच्या टेसा व्हर्च्यू आणि स्कॉट मोअर यांचं नावही नाही, त्याबद्दल इथली मराठी मंडळी मला फोन करून विचारताहेत. दोन वर्षं थांबून परतले, २०१७ ला जगज्जेते, २०१८ ला ऑलिम्पिक सुवर्ण. याला अपवाद म्हणायचं तर अपवाद किती झाले ते मोजा.

आणखी एक. लेखासोबत लिऊचा म्हणून जो फोटो छापलाय त्यात एक पुरुष आणि एक बाई हात धरून आहेत. ती आइस डान्सची जोडी आहे. एकेरी म्हणजे एकटीने, एवढं तरी छापण्याआधी बघायला हवं होतं. खाली ‘बर्फावरची परी’ असं लिहिलंय. पुरुष स्केटरला तुमच्याकडे ‘खेळाडू’ म्हणतात, मग या मुलीला परी का? पडून, उठून, घोटे सुजवून ती तिथे पोचली आहे. तिलाही खेळाडूच म्हणा.

फोटोची दुरुस्ती येत्या अंकात चौकटीत छापावी, आणि त्या चौकटीत गोर्देयेवा-ग्रिन्कोव्ह आणि स्टेलाटो-ड्यूडेक ही नावं जागा असेल तेवढ्यात घ्यावीत, ही विनंती. तुमचा अंक मी एकवीस वर्षं वाचते आहे. उद्या पावणेसहाचं सत्र आहे, ब्लेडना आज धार लावून आणली आहे, म्हणून इथेच थांबते.

आपली,
एक वाचक, ऑन्टॅरिओ, कॅनडा